समुद्रतळाचं रिडेव्हलपमेंट करताय? मग हे वाचा

मुंबईत प्लॉट उरले नाहीत म्हणून रडत काय बसता राव, समुद्राचा तळ बघा. आपला नको, इथलं पाणी एवढं गढूळ की खाली ऊन पोचायची मारामार. सरळ इंग्लंडचं कॉर्नवॉल, स्कॉटलंड, फ्रान्सचं ब्रिटनी गाठा. तिकडे मर्ल म्हणून लाल शैवाल आहे, अंगात नुसता चुना, कशालाच चिकटून न राहता गुलाबी खड्यांसारखं तळावर सुटं लोळत असतं आणि वर्षाला वाढतं किती, तर फार फार तर एखादा मिलिमीटर. काही थर हजारो वर्षं जुने. म्हणजे काय ते समजा, मोडकळीला आलेली चाळ. फटीफटीत खेकडे, गोगलगायी, स्कॅलप शिंपल्यांची पिल्लं, कॉड माशाची पिल्लं, आणि भाडं एकजण देत नाही. बरं हे भाडेकरू मीटिंगला येत नाहीत, त्यामुळे संमती 100 टक्के धरूनच चाला.

पाडकाम एकदम सोपं. स्कॉटलंडमधल्या क्लाइडच्या समुद्रात स्कॅलप काढायची लोखंडी दातांची ड्रेज, म्हणजे तळ खरवडणारी जाळी, नुसती एकदा ओढली, तर 70 टक्क्यांहून जास्त जिवंत मर्ल गेलं आणि पुढची 4 वर्षं सुधारायचं नाव नाही. एका फेरीत! आणि तेवढाही खर्च नको असेल तर हातच लावू नका, शेजारी गाळ ढवळा, बारीक गाळ अंगावर बसला की ते आपोआप गुदमरतं, तुम्ही अहवालात 'तात्पुरती गढूळता' लिहून मोकळे.

उपसलेला माल वाया जात नाही हां. शेतात चुना म्हणून टाका, पाण्याच्या फिल्टरला वापरा, उरलं तर गोळ्या करून 'नॅचरल व्हीगन कॅल्शियम' म्हणून विका. नाचणीची भाकरी कोण खातंय आता, तिचं पॅकिंग चांगलं नसतं.

काही लोक आडवे येणारच. कॉर्नवॉलमधल्या फाल नदीच्या मुखाशी 2005 साली मर्लचा उपसा बंदच करून टाकला म्हणे. अशा वेळी ट्रान्झिट कॅम्पची आयडिया काढा. हसू नका, तिथल्याच फालमाउथ बंदरात हा विचार खरंच झालाय, मोठ्या क्रूझ बोटींसाठी खोली वाढवायची, तोवर मर्ल उचलून बाजूला ठेवायचं, मग परत आणून पसरायचं. आपल्याकडेही कोस्टल रोडसाठी वरळी-हाजीअलीची प्रवाळं उचलून हलवलीच की. आणि भाडेकरूंनी विचारलं, पझेशन कधी, तर सांगा, थोडा वेळ द्या, एक इंच वाढलं की फोन करतो.