सत्कारमूर्ती किती मिनिटं बोलले?

मागच्या रविवारी एका जीवनगौरव सोहळ्याला गेलो होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, नागपुरात नाव घेतलं की संध्याकाळपर्यंत फोन येतो. सत्कारमूर्ती आमचे सर. 40 वर्षं विदर्भातल्या गवतांमागे उन्हातान्हात फिरलेला माणूस. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, अध्यक्षांचा परिचय (सरांच्या परिचयाहून लांब), मानपत्र, मग 5 पाहुण्यांची मनोगतं. सरांपुढे माइक आला तोच सूत्रसंचालिकेची चिठ्ठी, 'थोडक्यात'. सर 4 मिनिटांत आटोपले. तोवर मागून आलूबोंड्याचा वास सुटला होता आणि अर्धं सभागृह तिकडे सरकलं होतं. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू.

राजेहो, जपानचा क्योतो पुरस्कार आठवा. 2022 मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांना मिळाला तोच. रक्कम 10 कोटी येन, आपले डोळे तिथंच अडकतात. पण 10 नोव्हेंबरला पदक दिलं की दुसऱ्या दिवशी फक्त मानकऱ्यांची व्याख्यानं असतात. मी कसा घडलो, काय चुकलो, काय सापडलं, हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. नोबेलचंही तसंच. मानकऱ्यानं 6 महिन्यांच्या आत व्याख्यान द्यायचं, हा नियमच आहे. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन 2016 च्या समारंभाला फिरकला नाही, पण व्याख्यान मात्र त्यालाही चुकलं नाही. जून 2017 मध्ये, मुदत संपता संपता का होईना, दिलंच. आणि इटली-स्वित्झर्लंडच्या बाल्झान पुरस्कारात तर निम्मी रक्कम संशोधनावर, शक्यतो तरुण संशोधकांच्या हातून, खर्च करावी लागते. म्हणजे म्हाताऱ्याचा सत्कार आणि पोरांची सोय एकाच चेकमध्ये.

ते पुरस्कारही उशिरा येतात म्हणा. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांनी 1930 मध्ये विलायतेच्या बोटीवर मांडलेल्या ताऱ्यांच्या गणिताला नोबेल मिळायला 1983 उजाडलं. उशीर सगळीकडेच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

'त्यांच्याकडे पैसा आहे भाऊ' असं कमेंटमध्ये कोणी लिहील, म्हणून आधीच सांगतो. ऐकायला पैसा लागत नाही. 2 पाहुणे कमी बोलवा. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गांधीसागरसमोरच्या रामन विज्ञान केंद्रात किंवा एखाद्या शाळेच्या वर्गात 50 पोरं बसवा, सतरंजीवर चालतील, आणि त्या माणसाला तासभर बोलू द्या. सी. व्ही. रामन स्वतः काही काळ नागपुरात हिशेब खात्यात नोकरीला होते. दिवसा हिशेब आणि मनात ध्वनिशास्त्र असलेल्या त्या तरुण अधिकाऱ्याला इथं कोणी विचारलं असेल का, साहेब, तुमच्या डोक्यात काय चाललंय?

मंगळवारी सरांकडे गेलो. शाल गवताच्या नमुन्यांच्या खोक्यांवर टाकलेली, धूळ बसू नये म्हणून. म्हटलं, सर, परवा राहिलं ते सांगा. त्यांनी कुसळी गवताचं एक बी काढलं, त्याच्या पिळदार शेपटीवर पाण्याचा थेंब सोडला आणि माझ्या तळहातावर ठेवलं. शेपटीचा पीळ सुटायला लागला, बी हातावर गरगरलं. 'असंच ते जमिनीत शिरतं,' सर म्हणाले, 'स्वतःच स्वतःला पेरतं.' मग 2 तास बोलत होते. काकूंनी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा गार झाला.