किंग्ज चॅपल कोणाचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

बॉस्टनच्या किंग्ज चॅपल या जुन्या चर्चवरील माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. "या इमारतीचा एकही दगड युनिटेरियनांनी रचलेला नाही, अँग्लिकनांनी बांधलेली वास्तू त्यांनी आयती बळकावली आणि लेखकाने गाईडचे ऐकून तिला अमेरिकेतील पहिले युनिटेरियन चर्च ठरवून टाकले," असे आपण लिहिले आहे. (अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या चर्चचे अनुयायी; युनिटेरियन म्हणजे देव एकच मानून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य नाकारणारे ख्रिस्ती.) त्यापुढे गुलामांच्या श्रमाचा पैसा, प्रार्थना समाजाचा उल्लेख आणि लेखाची लांबी यांवरही टीका आहे. मतभेदाला माझी हरकत नाही. "गाईडचे ऐकून" या दोन शब्दांना मात्र आहे, आणि ती मी स्पष्टपणे नोंदवतो.

माझे आजोबा आणि वडील दोघेही गवंडी होते. मी स्वतः नोकरीची सगळी वर्षे जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत घालवली, आणि मुलीकडे बॉस्टनला राहायला आल्यापासून याच चॅपलच्या रविवारच्या उपासनेला जाऊन बसतो. कोणत्या भिंतीचा दगड कसा बसवला आहे हे मला कोणी सांगावे लागत नाही. ज्या माणसाला आपण ओळखत नाही, त्याचे ज्ञान ऐकीव आहे असे चारचौघांत जाहीर करण्यापूर्वी निदान एक प्रश्न विचारण्याचे सौजन्य आपण दाखवायला हवे होते.

एक गोष्ट मान्य करतो. "पहिले युनिटेरियन चर्च" असे लिहिताना इमारत आणि तिच्यात जमणारी मंडळी यांचा फरक पहिल्याच परिच्छेदात सांगितला असता, तर वाचकाला सोपे गेले असते. परंतु तो फरक पुढे संपूर्ण लेखभर आहे, आणि शेवटपर्यंत वाचणाऱ्याला तो दिसतो.

आता दगडाविषयी. भिंती अँग्लिकनांनी उभारल्या हे मी कोठेही नाकारलेले नाही. चॅपलची मंडळी १६८६ साली स्थापन झाली. प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चला विरोध करणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांच्या, बॉस्टनमध्ये राजाच्या पंथाला कोणी जागा विकेना, म्हणून गव्हर्नर अँड्रॉस याने गावच्या दफनभूमीचा कोपरा घेऊन त्यावर लाकडी चर्च उभे केले. बळकावणे हा शब्द वापरायचाच असेल, तर त्याची सुरुवात येथून करावी लागेल. १७४९ साली पीटर हॅरिसन याच्या आराखड्यानुसार दगडी इमारतीचे काम सुरू झाले, तेव्हा लाकडी चर्च पाडले नाही. नव्या भिंती त्याच्या भोवतीने चढवल्या, आत उपासना चालू राहिली, आणि १७५४ साली काम उरकत आल्यावर जुन्या चर्चचे लाकूड उकलून नव्या इमारतीच्या खिडक्यांतून बाहेर काढले. ते लाकूड पुढे कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातील लुनेनबर्गच्या चर्चला कामी आले. हे तंत्र वाचून ज्याला बांधकामाची ओढ आहे त्याचे मन भरून येते; आपल्या प्रतिक्रियेत त्याविषयी एक अक्षरही नाही.

पण त्या मंडळींचे पैसे संपले. योजलेला मनोरा कधीच चढला नाही, आणि दर्शनी बाजूची स्तंभांची रांगही राहून गेली. आज चॅपलच्या कोणत्याही छायाचित्रात सर्वांत आधी डोळ्यांत भरतात ते हे आयोनिक (ग्रीक धाटणीचे) स्तंभ उभे राहिले १७८५ ते १७८७ या काळात, म्हणजे मंडळीने युनिटेरियन मत स्वीकारले त्याच सुमारास. ते लाकडाचे आहेत आणि दगडासारखे दिसावेत असे रंगवलेले आहेत. त्यामुळे "एकही दगड" हे आपले विधान अक्षरशः घेतले तर खरे ठरते, आणि तरीही इमारतीचा चेहरा त्याच लोकांनी पुरा केला हे सत्य त्याने झाकले जात नाही. आमच्या भागातल्या कित्येक वाड्यांचा चौथरा एका पिढीचा आणि लाकूडकाम दुसऱ्या पिढीचे असते; म्हणून दुसऱ्या पिढीला कोणी उपरे म्हणत नाही.

बळकावण्याचा आरोप मला सर्वाधिक अन्यायाचा वाटतो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, मार्च १७७६ मध्ये, ब्रिटिश सैन्याने बॉस्टन सोडले, तेव्हा धर्मगुरू हेन्री केनर चर्चची चांदीची भांडी आणि नोंदवह्या घेऊन राजनिष्ठांबरोबर हॅलिफॅक्सला निघून गेले. उरलेल्या सभासदांनी इमारत सांभाळली. बॉस्टनमधल्याच ओल्ड साउथ या दुसऱ्या चर्चच्या सभागृहात ब्रिटिशांनी घोडे फिरवून त्याची नासाडी केली होती, म्हणून त्या मंडळीला काही वर्षे येथेच उपासना करू दिली. १७८२ साली चॅपलच्या सभासदांनी जेम्स फ्रीमन या तरुणाला प्रार्थना वाचण्यासाठी नेमले. त्रैक्याचा सिद्धान्त त्याला पटेना, तेव्हा तो गुपचूप मत बदलून बसला नाही. त्याने व्यासपीठावरून आपल्या शंका मांडल्या. १९ जून १७८५ रोजी सभासदांनी २० विरुद्ध ७ मतांनी त्रैक्याचे उल्लेख वगळलेले प्रार्थनापुस्तक स्वीकारले. बिशपांकडून दीक्षा मिळेना, म्हणून १८ नोव्हेंबर १७८७ रोजी मंडळीनेच आपल्या ज्येष्ठ विश्वस्ताच्या हातून फ्रीमनला दीक्षा दिली. बाहेरून कोणी आले नाही, कोणी कुलूप तोडले नाही. मागे राहिलेल्या माणसांनी आपल्याच बाकांवर बसून मतदान केले. याला बळकावणे म्हणणे हा त्या सभासदांचा अपमान आहे.

आजही तेथे प्रार्थनापुस्तक हाती घेऊनच उपासना होते, अँग्लिकन वळण टिकून आहे, आणि १७१७ सालचे प्रवचनपीठ वापरात आहे. इंग्लंडहून आणलेली घंटा तडकली, तेव्हा बॉस्टनच्या पॉल रिव्हिअर या धातुकारागिराकडून १८१६ साली ती नव्याने ओतून घेतली गेली. ती ओतून घेणारी मंडळी युनिटेरियन होती.

बाकी मुद्द्यांविषयी थोडक्यात. त्या काळच्या अनेक व्यापारी देणगीदारांची संपत्ती गुलामांच्या श्रमातून आली होती हे खरे आहे, मंडळी स्वतःही ते आता उघडपणे सांगते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि मी येथे त्यात शिरणार नाही. प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, एवढा दुवा त्या उल्लेखासाठी पुरेसा आहे. लांबीबद्दल मला काहीही बोलायचे नाही.

आपल्याला पुन्हा लिहावेसे वाटले तर १७८५ च्या त्या मतदानाला उत्तर द्यावे; मी कोणाचे ऐकून लिहितो याची चौकशी करू नये.