सिंकचं बटण आणि माझं 'सोंग'

'तबकडीवाला' या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकांनी मी डीजे रेकॉर्ड सोडून डिजिटल गाण्यांकडे का वळलो, या माझ्या 'रेकॉर्ड आणि सीड्या विकल्या' या लेखावर चांगलीच झोड उठवली आहे. टेक्निक्सचं 1200 टर्नटेबल (डीजेंचं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) बंद झाल्याचं मी चुकीचं लिहिलं, एमपी3 मोठ्या सिस्टीमवर पातळ लागते, लॅपटॉप ऐनवेळी दगा देतो, आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत, "कानाने बीट जुळवायचे कष्ट नकोत म्हणून हे डिजिटलचं सोंग."

पहिलं मान्य. 1200 चं उत्पादन 2010 मध्ये थांबलं, पण 2016 मध्ये पुन्हा सुरू झालं. मी अर्धंच लिहिलं होतं. दुरुस्ती केली आहे, आभारी आहे.

आता सोंग. मतभेद असू द्या हो, पण हा शब्द? सत्तर रेकॉर्डांचा खोका, पंधरा-सोळा किलोंचा, शेवटच्या लोकलच्या लगेज डब्यातून मी वर्षानुवर्षं डोंबिवलीला आणलाय. लाकडी स्टेजवर नवरदेवाचे मित्र उड्या मारायला लागले की सुई गाणं सोडून भलतीकडेच. मग हेडशेलवर, म्हणजे सुई बसवलेल्या टोकावर, चार आण्याचं नाणं चिकटवायचं. सुई जागेवर राहायची, रेकॉर्ड मात्र झिजायची. एका कानाला हेडफोन, दुसरा कान हॉलकडे, बोट फिरत्या तबकडीच्या कडेला, आणि अधिक-उणे आठ टक्क्यांच्या पिचमध्ये, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या पट्टीत, दोन गाणी एकत्र बसवायची. ते मी केलंय. तुम्ही कधी केलंय, हे तुमच्या प्रतिक्रियेत दिसलं नाही.

आणि सॉफ्टवेअरमधलं सिंकचं बटण दाबलं की दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळतात, हे तुम्हाला सांगितलं कुणी? सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी माणसांनी वाजवलेली आहेत, मशीनच्या ठोक्यावर नाहीत. मुखड्याला ढोलक एका लयीत, अंतऱ्यात थोडा पुढे सरकलेला. सॉफ्टवेअर पहिल्या चार मात्रा धरून ग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या खुणा, आखतं, आणि अंतरा येईतो दोन गाण्यांची टक्कर. म्हणून मी एकेका गाण्याची ग्रिड हाताने सरकवत रात्री दोन वाजेपर्यंत बसतो. कानानेच.

बरं, डिजिटल म्हणजे पळवाट, तर मग गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावरच्या ट्रान्स (इलेक्ट्रॉनिक संगीताच्या) पार्ट्यांचं काय करायचं? तिथल्या उन्हाधुळीत रेकॉर्ड टिकायची नाही, म्हणून ते लोक आधी कॅसेटवर आणि पुढे डॅट नावाच्या टेपवर वाजवायचे. डॅटमधला पहिला 'डी' कशाचा, ते तुम्ही शोधा. त्या टेपला पिचची पट्टीही नसायची. त्यांनाही सोंगाडेच म्हणणार का? (सोंगाड्या म्हणजे शिवी नव्हे, हे कुठल्याही तमाशाच्या फडात विचारा. पण तुम्हाला तो अर्थ अभिप्रेत नव्हता.)

एमपी3 पातळ लागते, यावर पुन्हा कधीतरी. मी 320 केबीपीएसच्या (एमपी3चा सगळ्यात वरचा दर्जा) खाली काही वाजवत नाही, आणि लग्नाच्या हॉलमधले स्पीकर काय लायकीचे असतात ते तुम्हाला ठाऊक असेलच.

लॅपटॉपचं म्हणाल, तर एकदा झालं होतं तसं. हळदीला, साडेनऊ वाजता, चार मिनिटं शुकशुकाट. त्याचा इथे काही संबंध नाही.

असो. शनिवारी पनवेलला कार्यक्रम आहे, पेनड्राइव्ह भरायला बसतो. हल्ली तीन भरतो.