‘लिनक्सवर सॉफ्टवेअरच मिळत नाही’ : त्या मेसेजला उत्तर

मिरजेच्या मामांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. “अगं, लॅपटॉप काही टाकूच देईना झालाय. त्या मेसेजमध्ये लिहिलं होतं तसंच मी केलं बघ.”

मेसेज कदाचित तुमच्याकडेही आला असेल. ‘लिनक्स घेण्याआधी हे सहा मुद्दे वाचा’, वर तीन लाल दिवे, खाली ‘जनहितार्थ’. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, मामांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसेना, म्हणून मीच त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी एक फुकट सिस्टिम, टाकून दिलं होतं. तेव्हा उत्तर देणं मलाच भाग आहे.

‘लिनक्सवर सॉफ्टवेअरच मिळत नाही.’ डेबियन या लिनक्सच्याच एका प्रकाराची बारावी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, तेव्हाच्या अधिकृत घोषणेत पॅकेजांचा, म्हणजे इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचा, आकडा दिलाय : ६४,४१९. त्यात लायब्रऱ्या (इतर प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड) आहेत, फाँट आहेत, सगळी काही आपण ज्याला अ‍ॅप म्हणतो ती नव्हेत, हे कबूल. पण मिंट उबंटूवर उभं आहे आणि उबंटू डेबियनवर, त्यामुळे याच कोठारातला मोठा भाग मामांना घरबसल्या मिळतो.

‘सगळं काळ्या स्क्रीनवर टाइप करावं लागतं.’ नाही लागत. मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं, पासवर्ड द्यायचा. मामांनी व्हीएलसी आणि बुद्धिबळ असंच टाकलं, मला न विचारता. कमांड आम्ही लोक सांगतो कारण फोनवर ‘डावीकडचं तिसरं हिरवं बटण’ समजावण्यापेक्षा एक ओळ पाठवणं सोपं जातं.

‘टॅली, फोटोशॉप, श्रीलिपी चालत नाही.’ बरं, हे बव्हंशी खरं आहे. वाइन नावाचं सॉफ्टवेअर वापरून विंडोजचे काही प्रोग्रॅम चालतात, काही रडतखडत चालतात, काही अजिबात नाही. ज्याचं पोट डीटीपीवर किंवा टॅलीवर आहे त्याने विंडोज सोडू नये. मामा निवृत्त मास्तर आहेत, त्यांना यातलं काहीच लागत नाही.

आता चौथा मुद्दा. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसले. मेसेज म्हणतो : ‘स्टोअरमधलं सगळं जुनं असतं. गूगलवर शोधून थेट नवीन फाइल उतरवा. आणि सारखा पासवर्ड मागण्याचा त्रास नको असेल तर खालची ओळ एकदाच चालवा.’ खालची ओळ काय, तर सुडो (मालकाच्या अधिकाराने कमांड चालवणारं) लावून सीएचमॉड (फाइलींच्या परवानग्या बदलणारी कमांड), पुढे ७७७, आणि लक्ष्य पूर्ण डिस्क! म्हणजे लॅपटॉपवरची प्रत्येक फाइल कुणीही वाचावी, बदलावी, चालवावी. घराच्या सगळ्या दारांची कुलपं काढून फेकल्यासारखं.

गंमत पुढे आहे. सुडोच्या फाइलवर सेटयूआयडी नावाची एक खास खूण असते, तिच्यामुळेच साध्या वापरकर्त्याला पासवर्ड देऊन तेवढ्यापुरते मालकाचे अधिकार मिळतात. ७७७ ती खूणही पुसतं. सॉफ्टवेअर मॅनेजर ज्याच्या मार्फत पासवर्ड तपासतो त्या मदतनीस प्रोग्रॅमचीही पुसतं. म्हणजे पासवर्डचा त्रास मिटवायची ओळ चालवली आणि पासवर्ड देऊन काही करायची सोयच गेली. मामा तीनदा, चारदा इन्स्टॉल दाबत राहिले. आधीची स्थिती परत आणायला मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, पण ते मी लावून दिलं नव्हतं, ही माझी चूक. पुण्याहून मिरजेला गेले, पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू केला, नातवंडांचे फोटो बाहेर काढले आणि सगळं नव्याने टाकलं. रविवार गेला.

आणि ‘गूगलवरून थेट उतरवा’ हा तर विंडोजवरच्या सवयीचा आजार. डेबियनच्या विकीवर ‘डेबियन मोडू नका’ अशा अर्थाचं एक पान आहे. इथलं-तिथलं एकत्र करून बनलेल्या सिस्टिमला त्यांनी फ्रँकनडेबियन असं नावच ठेवलंय, आणि कुणीतरी सांगितलेल्या कमांड डोळे मिटून चालवू नका हेही तिथे लिहिलंय. मेसेज लिहिणाऱ्याने ते एक पान वाचलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. कोठारातून येणाऱ्या पॅकेजांच्या यादीवर डिजिटल सही असते, उतरलेली फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जाते, सोबत लागणारी बाकीची पॅकेजं आपोआप येतात आणि पुढचे अपडेटही तिथूनच मिळतात. कुठल्याशा साइटवरच्या चकाकत्या ‘डाउनलोड’ बटणामागे यातलं काय असतं?

जुनं असतं हे मात्र अर्धं खरं. आवृत्तीचा आकडा जुना राहतो, पण सुरक्षेची भोकं त्याच आकड्यात बुजवली जातात. अगदी नवीनच हवं असेल तर मिंटच्या त्याच खिडकीत फ्लॅटपॅक, म्हणजे वेगळ्या पद्धतीने बांधलेली नव्या आवृत्तीची पॅकेजं, आहेत.

‘फुकट म्हणजे डेटा चोरी.’ मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, सापडलं, हे मी लपवणार नाही. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो मुळाशी गेला. कोड उघडा होता म्हणून जाऊ शकला. ती बिघडलेली आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखेत पोचली होती, स्थिर शाखेत नाही. कारण? तिथलं सगळं ‘जुनं’ असतं.

‘मराठी टाइप होत नाही.’ कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा, झालं. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. उच्चाराप्रमाणे टाइप करायचा जो पर्याय आहे त्याचं नाव कागप, म्हणजे कन्नड गणक परिषद. मिरजेच्या माणसाला त्याचं वावडं नसावं. मामा त्यावरच मला रोज सुप्रभात पाठवतात.

ज्यांनी ती ७७७ ची ओळ आधीच चालवली असेल त्यांनी लॅपटॉप बंद करू नका, पुन्हा चालू होईलच असं नाही. आधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या, मग कुणाला तरी बोलवा.