घरामागच्या चार कोंबड्या आणि फिरणारा तो मेसेज

गेले दोन महिने आमच्या बेळगाव भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. टिळकवाडी असो, अनगोळ असो की हिंडलगा, कुठल्याही लेआउटमधल्या माणसाला विचारा, त्यानं तो वाचलेला असतो. मजकूर थोडक्यात असा: नागरी वस्तीत कोंबड्या पाळणं गुन्हा आहे. वस्तीपासून 500 मीटरच्या आत त्या ठेवता येत नाहीत. रहिवासी संघानं ठराव केला की सात दिवसांत हलवाव्याच लागतात. कोंबड्यांमुळे बर्ड फ्लू होतो, वास सुटतो, उंदीर आणि साप येतात. कोंबड्याशिवाय अंडी मिळत नाहीत, त्यामुळे पहाटेचा आवाज चुकत नाही. आसपासच्या घरांच्या किमती पडतात. आणि शेवटी, ज्यांना एवढी हौस आहे त्यांनी गावी जाऊन राहावं.

आमच्या मागच्या गल्लीत एक आजी राहतात. त्यांनी हा मेसेज नातवाकडून वाचून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या चारही कोंबड्या डालग्यात घालून विकून टाकल्या. घरी पोलीस येतील या भीतीनं. त्यांचं खुराडं अजून तसंच आहे, दार सताड उघडं. ते रोज येता-जाता दिसतं, म्हणून हे लिहायला बसलो. मी स्वतः तीन वर्षं परड्यात कोंबड्या पाळतो, आत्ता पाच आहेत. चुका भरपूर केल्यात, त्याही सांगतो, कारण त्या मेसेजमधलं सगळंच खोटं नाही.

आधी तो गुन्हा. मेसेजमध्ये दोन कायद्यांची नावं दिलीत: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. म्हणजे मजकूर तिकडं महाराष्ट्रात कुठंतरी तयार झाला आणि मराठीत आहे म्हणून आपल्याकडं आला. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. पण 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, आणि आज आपल्या परड्याला लागतो तो कर्नाटक महानगरपालिका कायदा, 1976. पुण्याच्या सोसायटीचे उपनियम अनगोळच्या माणसाला दाखवून घाबरवणं चूक आहे.

कोंबडी पाळली एवढ्यावरून आपोआप गुन्हा होतो, असं एकही कलम तो मेसेज दाखवत नाही. गुन्हा होऊ शकतो तो उपद्रवाचा. भारतीय न्याय संहितेचं 270 वं कलम सार्वजनिक उपद्रवाचं आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 152 व्या कलमाखाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 133) दंडाधिकारी उपद्रव हटवायचा आदेश काढू शकतात. पण आदेश कायम व्हायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, उपद्रव आहे हे दिसावं लागतं. पालिकेलाही घाण दिसली तर कारवाई करता येते. म्हणून माझं सांगणं एवढंच की पालिकेच्या आरोग्य विभागात लेखी अर्ज द्या, किती कोंबड्या आहेत, कुठं ठेवता ते लिहा, आणि पोच घ्या. त्यांनी काही अट घातली तर ती पाळा. लपवून ठेवलेल्या कोंबडीचीच तक्रार आधी होते.

500 मीटरची गोष्ट वाचायला भारदस्त वाटते. तो आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोल्ट्री फार्मसाठीच्या मार्गदर्शक सूचनांतला आहे. त्या सूचना हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी आहेत, जिथं ट्रकनं खाद्य येतं आणि ट्रकनं खत जातं. पाच कोंबड्यांच्या खुराड्याला तो आकडा लावायचा म्हटलं तर बेळगावात कुठंच कोंबडी दिसणार नाही.

आता रहिवासी संघाचा ठराव. इथं नीट समजून घ्या, कारण यात दोन वेगळे प्रकार एकत्र कालवलेत. अमेरिकेत घरमालकांच्या संघटनांचे निर्बंध जमिनीलाच जोडलेले असतात. घर घेतलं की ते तुमच्यावर आले. तिकडं कोंबड्यांवरून संघटना आणि घरमालक कोर्टात जातात ते त्यामुळं. आपल्याकडं लेआउटचे संघ बहुतेक कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, 1960 खाली नोंदलेले असतात. असा संघ आपल्या सभासदांना आपल्या उपनियमांपुरता बांधतो. तुम्ही सभासद नसाल, किंवा उपनियमांत प्राण्यांबद्दल अक्षरही नसेल, तर एका संध्याकाळी आठ-दहा जणांनी हात वर करून केलेला ठराव म्हणजे कायदा नव्हे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं वेगळं. 1972 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या इमारतीत घोषणापत्र आणि उपनियम प्रत्येक फ्लॅटमालकाला बांधतात, आणि सामायिक गच्चीवर खुराडं ठेवायचा हक्क तुम्हाला कुणीच दिलेला नाही. खरेदीखत काढून वाचा, त्यात अट असेल तर आहे.

आपल्या बाजूचे काही लोक उलट उत्तर म्हणून पशुकल्याण मंडळाचं परिपत्रक पाठवतात, ‘संघाला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही’ म्हणून. ते परिपत्रक कुत्र्यांबद्दल आहे. कोंबडीवर ते ओढूनताणून लावू नका, समोरच्यानं वाचलेलं असेल तर आपलीच बाजू पडते.

बर्ड फ्लू. मेसेज म्हणतो, घरच्या कोंबडीचं अंडं हातात घेतलं तरी होतो. भारतात हा रोग पहिल्यांदा फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, तो मोठमोठ्या पोल्ट्र्यांत. आपल्या कर्नाटकात 2012 ला बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या सरकारी कुक्कुटपालन केंद्रात आला. 2025 मध्ये चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात घरगुती कोंबड्यांतही आला, म्हणून घरच्या कोंबडीला होत नाही असं मी म्हणणार नाही. पण रोग यायला लागण झालेला पक्षी किंवा त्याची विष्ठा लागते. खुराड्यात आपोआप तयार होत नाही. वरून जाळी आणि पत्रा असेल, कावळे-बगळे खाद्यापाण्यात तोंड घालत नसतील, तर वाट बरीच बंद होते. अंडं-मटण पूर्ण शिजवलं की विषाणू मरतो. 70 अंशांचं तापमान त्याला पुरतं. आणि खरोखरच जवळपास साथ आली तर एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी नष्ट करतात, त्यात आपलेही जातील. त्या वेळी कोंबड्या पाहुण्यांकडं पळवायच्या नाहीत. हे मान्य असेल त्यानंच पाळाव्यात.

मला विचाराल तर घरात रोज सांभाळायची गोष्ट दुसरीच आहे. लहान मुलं पिल्लं गालाला लावतात, तसाच हात तोंडात घालतात. कोंबडीच्या विष्ठेतून साल्मोनेला येतो, त्यानं जुलाब-ताप होतो. आमच्याकडं खुराड्याच्या दाराशीच बादली आणि साबण ठेवलाय.

आणि कोंबड्यांना मारणारा खरा रोग म्हणजे मानमोडी, राणीखेत. मान पिळवटते, हिरवट शी होते, दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा थेंब, चार आठवड्यांनी पुन्हा, आठव्या आठवड्याला आर-टू-बी लशीचं इंजेक्शन. अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते, फोडल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते, आणि आपल्याकडं पाच कोंबड्या. म्हणून आम्ही तीन गल्ल्यांतली सात घरं एकाच सकाळी लस देतो. आजींच्या चार कोंबड्याही त्यात होत्या.

वासाबद्दल मेसेज खरं बोलतो. माझ्याकडून तो सुटलाय.

दुसऱ्या वर्षीचा जुलै. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जूनपासून गणपतीपर्यंत कपडे वाळत नाहीत. मी खुराड्यावर पत्रा घातला होता, पण पश्चिमेकडून झड आत यायची. शेजारच्या काकू गेटाशी आल्या. भांडायला नाही, पण चेहरा उतरलेला. “वास मारूलालाय की ओ, स्वयंपाकघराची खिडकी उघडायची सोय नाही,” म्हणाल्या. मला तर काहीच वास येत नव्हता. नाकाला सवय झाली होती. त्यांच्या देखत वाकून खुराड्यात डोकं घातलं आणि डोळे चुरचुरून पाणी आलं. तो अमोनिया. कोंबड्यांना दिवसरात्र त्यात ठेवलं होतं मी.

घाबरून चारही बाजूंनी ताडपत्री बांधली, तर दोन दिवसांत आणखी वाढलं, कारण हवाच बंद झाली. मग गवंड्याला बोलावून तळ दोन विटा उंच केला, पश्चिमेला खालून तीन फूट पत्रा मारला आणि वरची जाळी मोकळी ठेवली, छपराचं पाखं दीड फूट पुढं काढलं. खानापूर रोडच्या एका राइस मिलमधून भाताच्या तुसाची दोन पोती आणली. आपल्या भागात भात पिकतो, तूस मुबलक मिळतं. चार इंच जाड थर, दिवसाआड दाताळ्यानं वर-खाली, पावसाळ्यात मूठभर चुना. मूठभर तूस घेऊन आवळायचं. मूठ उघडल्यावर भुगा सुटला तर ठीक, लाडू राहिला तर ओल आहे, तेवढं काढून टाकायचं. वास विष्ठेचा कमी आणि ओलीचा जास्त असतो. खुराडंही काकूंच्या भिंतीपासून काढून आमच्या न्हाणीच्या बाजूला नेलं. पाच कोंबड्यांना आत वीस चौरस फूट जागा आहे. त्यापेक्षा जास्त कोंबड्या मी कधीच घेणार नाही, कारण जागा तेवढीच आहे.

उंदीर-घुशी कोंबडीसाठी येत नाहीत, सांडलेल्या दाण्यासाठी येतात. एका कोंबडीला दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं. तेवढंच मोजून घालायचं, संध्याकाळी भांडं उचलायचं, पोतं पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. साप उंदरांमागं आणि अंडी-पिल्लांमागं येतो. षटकोनी पातळ जाळी घूस कुरतडते. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा, जमिनीत वीतभर गाडून.

आता कोंबडा. ‘कोंबड्याशिवाय अंडी नाहीत’ हे साफ चूक आहे. तलंग (तरुण कोंबडी) वयात आली की कोंबडा असो-नसो अंडी घालते. कोंबडा लागतो तो पिल्लं काढायला. गावठी कोंबडी वर्षाला 60-80 अंडी देते, बंगळूरच्या कृषी विश्वविद्यालयानं काढलेली गिरिराज त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि माझ्या पाचांपैकी एकीनंही गेली दोन वर्षं कोंबडा पाहिलेला नाही. अंडं घातल्यावर कोंबडी कोकलते, पण दिवसा आणि चार-पाच मिनिटं.

पण कोंबडा ठेवून शेजाऱ्यांशी हुज्जत घालणाऱ्यांच्या बाजूनं मी उभा राहणार नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मध्ये निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र धरतात दहा ते पहाटे सहा. कोंबडा ओरडतो साडेचारला, आणि जवळून तो या मर्यादेच्या कितीतरी वर जातो. माझ्या पहिल्या पिल्लांत दोन नर निघाले. पलीकडच्या घरात डायलिसिसवर असलेले काका होते, त्यांना मुळातच पहाटे कुठं डोळा लागायचा. दोन्ही कोंबडे मेव्हण्याकडं खानापूर तालुक्यात नेऊन सोडले. हे मी तक्रार यायच्या आधी करायला हवं होतं.

घरांच्या किमती पडल्याचा एकही व्यवहार मेसेज दाखवत नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र सांगायला हवी. आमच्या ओळीत जैन आणि लिंगायत घरं आहेत. त्यांचा आक्षेप वासाचा असतो तसा मनाचाही असतो, आणि तो तोंडावर कुणी बोलत नाही. परड्यात कोंबडी कापायची नाही, हे मी पहिल्या दिवसापासून पाळलंय. 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसारही पालिका हद्दीत परवानगीच्या कत्तलखान्याबाहेर ते करता येत नाही. पिसं, टरफलं त्यांच्या दारापर्यंत उडत जाऊ नयेत एवढंही पाहावं लागतं.

राहिलं ‘गावी जाऊन राहा’. अनगोळ, वडगाव, कंग्राळी ही गावंच होती की. शहर वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आलं. त्या आजी त्या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा मागं भाताची शेतं होती आणि परड्यात वीस कोंबड्या. लेआउटचे प्लॉट नंतर पडले. ज्यांचं गावच इथं आहे त्यांनी कुठल्या गावी जायचं?

पुढच्या रविवारी आमच्या संघाची बैठक आहे. मी एक पानाचा अर्ज तयार केलाय: पाच कोंबड्या, कोंबडा नाही, खुराडं सामायिक भिंतीपासून दहा फूट, लसीकरणाच्या तारखा, वासाची तक्रार आली तर दोन दिवसांत निवारण, आणि बैठकीआधी ज्याला यायचं त्यानं येऊन पाहावं. मराठीत मी लिहिला, कानडीत मुलीनं केला, कारण संघातली निम्मी घरं कानडी आहेत आणि त्यांना दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. शेजारच्या काकूंनी खाली सही केली. आजींनाही बैठकीला घेऊन जाणार आहे. त्या म्हणाल्या, “कोंबड्या हलवायचा ठराव झाला नाही तर दोन कोंबड्या तुझ्याकडून नेते, पैसे देऊन.”