म्हशीचे नाव काय?

आमदार भाऊसाहेबांच्या सोशल मीडिया अकाउंटची सुरक्षा वाढवण्याचे काम माझ्याकडे आले ते माझ्या योग्यतेमुळे नव्हे, तर त्या संध्याकाळी कार्यालयात लॅपटॉप उघडून बसलेली मी एकटीच होते म्हणून. सप्टेंबर २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या एक्स अकाउंटवर काही काळ पाकिस्तान आणि तुर्कस्तानचे झेंडे झळकले, तेव्हापासून आमच्या आमदारांच्या मनात धास्ती होतीच. आपल्या नावावर असे काही झाले तर विरोधक ते पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरवून पुरवून वापरतील, हे त्यांना बरोबर कळत होते. "आपलं अकाउंट एकदम पक्कं करून टाका," एवढे सांगून ते एका लग्नाला निघून गेले.

अडचण अशी की ते अकाउंट २०१४ च्या निवडणुकीत घाईघाईने उघडलेले आहे आणि तेव्हा दिलेला मोबाइल नंबर आज भाऊसाहेबांच्या ड्रायव्हरकाकांच्या खिशातल्या बटणांच्या फोनमध्ये नांदतो आहे. सुरक्षेत काहीही बदल करायचा तर ओटीपी तिथे जाणार. मी काकांना फोन लावला.

"काका, आत्ता एक मेसेज आला असेल. त्यातला नंबर तेवढा सांगा."

"आलाय की."

"मग सांगा ना."

"नाही सांगता येत, ताई. बच्चनसाहेबांनी सांगितलंय, कुणाला द्यायचा नाही."

सायबर फसवणुकीपासून सावध करणारी ती अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली कॉलर ट्यून २०२५ च्या मध्यावर बंद झाली. काकांच्या कानात मात्र ती अजून वाजतेच आहे. खुद्द बच्चन यांचेच ट्विटर अकाउंट जून २०१९ मध्ये हॅक होऊन त्यावर इम्रान खान यांचा फोटो लागला होता, ही माहिती मी वैतागाच्या भरात काकांना दिली. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर सांगतात ना ते. अनुभवाचे बोल आहेत."

मग त्यांनी माझीच चौकशी आरंभली. मी तीच ताई कशावरून? मी म्हटले, आवाज ओळखा. ते म्हणाले, आवाज हल्ली कुणाचाही काढता येतो. सरपंचांच्या मेव्हण्याला परवाच त्याच्या मुलाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला होता. मी म्हटले, नंबर ओळखा. ते म्हणाले, नंबराचे काय घेऊन बसलात. अखेर बराच विचार करून त्यांनी विचारले, "ताई असाल तर भाऊसाहेबांच्या थोरल्या म्हशीचं नाव सांगा."

भाऊसाहेबांच्या नावाने बैलपोळ्याच्या हृद्य शुभेच्छा मी दरवर्षी लिहिते. त्यांचे मातीशी असलेले नाते सर्वस्वी माझ्या कीबोर्डातून उगवलेले आहे. पण म्हशीचे नाव मला कुणी कधी सांगितलेले नव्हते. "लक्ष्मी," मी अंदाजाने म्हणाले.

"लक्ष्मी गाय आहे," असे म्हणून काकांनी फोन ठेवला.

मी पुन्हा ओटीपी मागवला तेव्हा पडद्यावर सूचना आली की संशयास्पद हालचालींमुळे तुमची विनंती तूर्त थांबवण्यात आली आहे. म्हणजे काकांच्या मते मी भामटी आणि कंपनीच्या मतेही मी भामटी.

राग ओसरल्यावर मात्र मान्य करावे लागले की काकांची पद्धत पुष्कळ मोठ्या कंपन्यांपेक्षा सरस आहे. जुलै २०२० मध्ये ओबामा, बायडेन, बिल गेट्स, इलॉन मस्क अशा बड्या मंडळींच्या ट्विटर अकाउंटांवरून लोकांकडे बिटकॉइन मागितले गेले, तेव्हा चोरांनी कोणतेही अगम्य तंत्र वापरले नव्हते. त्यांनी कर्मचाऱ्यांना सरळ फोन करून गोड बोलून माहिती काढली, कंपनीच्या आतल्या यंत्रणेपर्यंत मजल मारली आणि १३० अकाउंटांवर नेम धरला. सूत्रधार निघाला फ्लोरिडातला १७ वर्षांचा मुलगा. त्या कर्मचाऱ्यांपैकी एकाने जरी म्हशीचे नाव विचारले असते, तरी पुढचे रामायण टळले असते.

एवढा आदर मनात दाटून आलेला असतानाच काकांचा परत फोन आला. माझा हिरमोड झाल्याचे त्यांना वाईट वाटत होते. ते पेट्रोल पंपावर होते आणि मागच्या ट्रकच्या आवाजावर मात करत ओरडून म्हणाले, "ताई, ओटीपी देता येत नाही, पण पासवर्ड पाहिजे तर घ्या! तो सगळ्यांनाच माहितीये!" आणि त्यांनी तो तिथल्या तिथे सांगितला, गावदेवीच्या नावापुढे भाऊसाहेबांच्या गाडीचा नंबर. पंपावरच्या पोराने म्हणे मान डोलावली.

सगळ्यांनाच म्हणजे पुतण्याला, फोटोग्राफरला, रील बनवणाऱ्या दोन मुलांना आणि फ्लेक्स छापणाऱ्या दुकानदारालाही. यात हसण्यासारखे फारसे काही नाही, कारण हे केवळ आमच्याच तालुक्यात घडते असे नव्हे. अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या एसईसी या संस्थेच्या अकाउंटवरून ९ जानेवारी २०२४ रोजी बिटकॉइनविषयीची खोटी घोषणा झाली. चोराने आधी त्या अकाउंटला जोडलेला मोबाइल नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेतला होता, आणि पासवर्डनंतरचे दुसरे कुलूप जागेवर नव्हतेच, कारण लॉगिन करताना अडचण येते म्हणून कर्मचाऱ्यांनी सांगून ते सहा महिन्यांपूर्वी काढून घेतलेले होते. इतरांना शिस्त लावणाऱ्यांचीच ही तऱ्हा.

सिम वळवून घेतले की ओटीपीही चोराकडेच जातो, म्हणून मी यूएसबीला लावायच्या दोन सिक्युरिटी की स्वतःच्या पैशांनी मागवल्या. ही वस्तू जवळ असल्याशिवाय नव्या ठिकाणी लॉगिन होत नाही आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बनावट पानाला ती दादही देत नाही. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब स्वतः समोर बसले, काकांनी त्यांच्या चेहऱ्याची खात्री करून ओटीपी दिला, आणि काम उरकले. एक की कपाटात ठेवली, दुसरी भाऊसाहेबांच्या गाडीच्या किल्लीला अडकवली. संध्याकाळी काकांची तक्रार आली की ताईंनी दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये एकही गाणे नाही, टेपला लावून पाहिले, नुसता दिवा लागतो.

पासवर्डही मी बदलला. त्याच रात्री कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतण्याने विचारले, "नवीन पासवर्ड काय आहे, टाका इथे." मी टाकला नाही. तेव्हापासून ताई कार्यकर्त्यांवर अविश्वास दाखवतात, अशी कुजबुज सुरू असून ती भाऊसाहेबांपर्यंत व्यवस्थित पोहोचवण्यात आली आहे. यापूर्वी माझे एखादे काम इतक्या तत्परतेने त्यांच्या कानावर गेल्याचे मला आठवत नाही.

दोन्ही कींचे बिल मी हिशेबनिसांकडे दिले होते. ते शेरा मारून परत आले, "अकाउंट एक असताना किल्ल्या दोन का? खुलासा करावा." एक हरवली तर दुसरी असावी म्हणून, असा खुलासा मी लेखी दिला. आता त्यांनी विचारले आहे की पहिली कधी हरवली आणि त्याची पोलिसात नोंद केली आहे काय.