तंबोरा लागताना

मागच्या रविवारी ठाण्यात एका शाळेच्या पटांगणात गाण्याचा कार्यक्रम होता. पत्रिकेवर वेळ सहाची. गायिका साडेपाचलाच येऊन बसलेली, कारण तिला मारवा गायचा होता. (मला कसं कळलं? चहाच्या टेबलापाशी तबलजींनी सांगितलं.) मारवा संधिप्रकाशाचा राग, दिवेलागणीचा. पण सहाला दीपप्रज्वलन सुरू झालं, वाऱ्याने समई दोनदा विझली आणि मग सत्कार सुरू झाले. प्रायोजकांचा, प्रायोजकांच्या सौभाग्यवतींचा, मैदान दिलं म्हणून एकाचा, खुर्च्या दिल्या म्हणून दुसऱ्याचा. अकरा शाली मोजल्या मी. गायिका मंचावर बसली तेव्हा सात चाळीस झाले होते. उघड्यावर दहानंतर स्पीकर चालत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच तसं आहे, म्हणजे घाई ओघाने आलीच. तिने तंबोऱ्याची खुंटी जेमतेम दोन मिनिटं पिळली असेल, तोच निवेदक माइकवर लाडात म्हणाला, "ताई, रसिक आतुर झालेत हं!" ती हसली. तंबोरा मागच्या मुलीकडे दिला, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेटीचं बटण दाबलं आणि मारव्याऐवजी थेट यमन राग सुरू केला.

यमन छान झाला. तरी मी फुरंगटूनच घरी आले, आणि ही पोस्ट त्याच रागात लिहितेय. (हा राग वेगळा.)

मैफलींच्या आठवणी निघाल्या की लोक तान सांगतात, सम सांगतात, "काय ठुमरी झाली त्या रात्री" म्हणतात. मला आठवतं ते सगळं गाणं सुरू होण्याच्या आधीचं. म्हणून मी कुठेही अर्धा तास आधी जाऊन बसते. नवरा येत नाही. त्याच्या मते रिकाम्या खुर्च्या बघायला तिकीट काढायची गरज नाही.

याची सुरुवात ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात झाली. पंचवीस वर्षं तरी झाली असतील. १९७८ साली उभं राहिलेलं आमचं गडकरी, समोर तलावपाळी, आणि सकाळचा कार्यक्रम. गायक कोण ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर कमेंटमध्ये घराण्यांवरून भांडण लागेल. पडदा उघडाच होता. बुवा मंचाच्या मधोमध बसून एकटेच तंबोरा लावत होते. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो केसभर पुढे, केसभर मागे. तार छेडायची, कान भोपळ्याशी न्यायचा, मणी सरकवायचा. पुन्हा छेडायची. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. प्रेक्षागृहात कुजबुज, पिशव्यांची खसखस, कुणाचं तरी पोर रडतंय. आणि अचानक मला एक स्वर ऐकू आला, जो कुणीच वाजवत नव्हतं.

तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची (प), मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या (सा), शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. गंधाराची (ग) तार नसतेच. पण जवारी, म्हणजे घोडीवर घासणाऱ्या तारेची झणझण, नीट खुलली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलायला लागतो. तार घोडीच्या उतारावर घासत थरथरते, तिच्यातले बारीक बारीक अंशस्वर वर येतात आणि त्यातला पाचवा गंधाराचा. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. मी ते पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. ऐकला त्या दिवशी पहिल्यांदा. बुवांनाही तो तेव्हाच सापडला असावा, कारण त्यांनी खुंटीवरचा हात काढला आणि डोळे मिटून नुसते बसले. पोर रडायचं थांबलं असं लिहायचा मोह होतोय, पण नाही थांबलं. आई त्याला घेऊन बाहेर गेली.

पुढे दोन तास काय गायले? तोडी होती, एवढंच सांगू शकते.

रविशंकरांचा किस्सा सगळ्यांना माहीत आहे. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशासाठीचा कार्यक्रम. सतारीवर पंडितजी, सरोदवर अली अकबर, तबल्यावर अल्लारखाँ. वाद्यं जुळवून झाली तर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पंडितजी म्हणाले, जुळवणं एवढं आवडलंय तर वादनही आवडेल अशी आशा आहे. आपण हा किस्सा अमेरिकन श्रोत्यांना हसण्यासाठी सांगतो. मला वाटतं त्यांचं काही चुकलं नव्हतं. कसलेली माणसं एकमेकांचा कान घेत एका षड्जावर येत होती, त्याला दाद द्यायची नाही तर कशाला द्यायची? आपण मात्र त्या वेळात मोबाइल सायलेंटवर टाकतो. तोही शेजाऱ्याने डोळे वटारल्यावर.

पाश्चात्त्यांनी तर त्याचा रीतसर विधी केलाय. एकदा मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात सिम्फनी ऐकायला गेले होते. ओबोवाला एक स्वर धरतो आणि पन्नास-साठ जण त्यावर येऊन बसतात. मधे कुणी शाल घेऊन येत नाही.

हे कौतुक फक्त शास्त्रीय संगीताचं आहे असं समजू नका. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मन लावून केलेली जुळवाजुळव मी घणसोली गावात पाहिली. ऑफिसातल्या मैत्रिणीचं माहेर तिथलं, आगरी घर, गावात हरिनाम सप्ताह. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली, संध्याकाळी साडेसहाला पोचलो. देवळात तिचे काका पखवाज घेऊन बसलेले, शेजारी स्टीलच्या वाटीत मळलेली कणीक. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ही कणीक लावतात, म्हणजे त्याचा आवाज खाली उतरतो, घुमतो. काकांनी पुरीएवढा गोळा घेतला, मधोमध थापला, अंगठ्याने कडा दाबल्या. थाप मारली. मान हलवली. चिमूटभर काढून वाटीत टाकली. थाप. पुन्हा चिमूटभर लावली, दोन थेंब पाणी. मग उजवीकडे हातोडीने वादीखालच्या लाकडी गठ्ठ्यावर टक टक. टाळकरी उभे, विणेकरी उभा, हार्मोनियमवाला भाता हलवत बसलेला. कुणालाही घाई नाही.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "काका, झालं का?"

"आजून नाय बसला. थांब जरा."

वीस मिनिटं. मग एक थाप अशी पडली की तिचा दणका देवळाच्या फरशीतून माझ्या पायाला लागला. काकांनी वाटी मागे सरकवली. आणि त्याबरोबर, कुणी सांगितलं नाही, खूण केली नाही, टाळ सुरू झाले. भजन संपल्यावर त्यांनी ती कणीक खरवडून काढली, नाहीतर पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, तडकते. रोज नवीन मळायची. काकूंना म्हटलं, रोजची कणीक वाया जाते. त्या म्हणाल्या, "गायीला जाते."

स्टेडियमच्या कार्यक्रमांना माझे शास्त्रीयवाले मित्र नाक मुरडतात. मुरडू देत. १५ डिसेंबर २०१९ ला यूटू हा आयरिश बँड पहिल्यांदा भारतात आला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. भाचीने ओढून नेलं होतं. शेवटी ए. आर. रहमानही मंचावर आले आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. मीही. पण आम्ही दुपारीच आत शिरलो होतो, आणि माझ्या डोक्यात राहिलाय तो अर्ध्या पँटीतला माणूस. तो एकेक गिटार खांद्याला लावायचा, चार तारा छेडायचा, पायाखालच्या पेटीतला दिवा बघायचा आणि ठेवून द्यायचा. मग पुढची. बारा-तेरा गिटारी झाल्या. हजारो माणसं त्याच्यासमोर सेल्फी काढत होती आणि तो कुणाकडे ढुंकून बघत नव्हता. गडकरीतल्या बुवांची आठवण झाली म्हटलं तर भाची म्हणाली, "मावशी, प्लीज."

२०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन शो झाले तिथेच. तिकिटाच्या ऑनलाइन रांगेत माझ्या पुढे लाखो माणसं होती, तेव्हा तो विषय संपला. पण आदल्या संध्याकाळी नेरूळला कामाने गेले होते, परत येताना स्टेडियमच्या बाजूने रिक्षा नेली. आतून एकच ठोका येत होता. धप्प. मग शांतता. पुन्हा धप्प. मधेच "चेक, चेक". मी रिक्षावाल्याला बाजूला थांबायला सांगितलं. पाचेक मिनिटं तो ठोका हळूहळू बदलत गेला, आधी पत्र्यासारखा, मग जाड, मग अगदी पोटात लागेल असा.

"गाणं कधी लागणार, मॅडम?" रिक्षावाल्याने विचारलं.

"उद्या."

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. वेटिंग चार्ज मात्र बरोबर लावला.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर माझा दात नाही, तेही सांगून टाकते. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी तो बनवला, आणि लोकलने शिकवणीला जाणाऱ्या हजारो मुलींचं त्याने भलं केलं. चार फुटांचा भोपळा घेऊन संध्याकाळची ठाणे फास्ट पकडून बघा. माझ्याकडेही ती पेटी आहे. पण मंचावर मिरजेच्या दोन तंबोऱ्यांची जोडी मांडायची, त्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून निवेदनात टाळ्या घ्यायच्या, आणि तोच तंबोरा लावायला गायिकेला दहा मिनिटं द्यायची नाहीत, हा काय प्रकार आहे?

आयोजकांपैकी कुणी हे वाचत असेल तर मागणी साधी आहे. सत्कार मध्यंतरात घ्या. शाली हव्या तर बावीस द्या. पण ज्या वेळेला कार्यक्रम छापलाय त्या वेळेला कलाकाराला तंबोऱ्यासकट मंचावर बसवा, दिवे लावा, माइक चालू ठेवा आणि निवेदकाला चहा प्यायला पाठवा.

पुढच्या शनिवारी घाणेकर नाट्यगृहात एक कार्यक्रम आहे, साडेसहाचा. मी पावणेसहाला असेन. नवरा सातला येईल म्हणतोय.